बाप्तिस्मा काढून द्या

"भोंगेवाल्यांनी दिलेलं वायरीचं टोक हातात धरायचं नाही," असं आमच्या आधीच्या पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं, केज सोडताना मला बजावून सांगितलं होतं. घराच्या किल्ल्या, नळाला पाणी कधी येतं, दूधवाला कोण, आणि हे. मला वाटलं, करंटबिरंट लागत असेल. मी म्हटलं, बरं.

आणि पहिल्याच रविवारी धरलं. उपासना संपली, मंडळी सलाम-सलाम करत घरोघर गेली, आणि एक काडीपैलवान म्हातारा कडुनिंबावरचा भोंगा उतरवून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशात टेस्टर, कानावर अर्धी विडी. "बाई, जरा एवढं टोक धरा." नवं गाव, नवी पाळकीणबाई, नाही कसं म्हणणार? ते लांब कुंपणापर्यंत गेले आणि तिकडून तळहात ते कोपर, तळहात ते कोपर अशी वायर गुंडाळत माझ्याकडं यायला लागले. निम्म्यात आल्यावर थांबले.

"बाई, त्या चोराला पाणी कुणी घातलं?"

"कुठल्या चोराला?"

"येशूच्या बाजूला टांगलेल्या. त्याला संगं नेलं न्हवं वर? मंग त्याचा बाप्तिस्मा कवा झाला?"

मी बघत राहिले. टोक सोडलं तर वायर मातीत लोळणार, धरून उभं राहिलं तर उत्तर द्यावं लागणार. ऊन असं की टाळू तापलेली. मी काहीतरी म्हणाले, की देवाला अशक्य काही नाही. म्हातारा खूश झाला. "हां! मंग जे त्याला जमलं ते दुसऱ्याला कावून जमत न्हाई?" आणि पुन्हा गुंडाळायला लागला.

त्यांचा धंदा लाउडस्पीकरचा. तालुक्यात जिथं चार माणसं जमायची तिथं भोंगा यांचा. सप्ताह असो, उरूस असो, लग्न असो, निवडणुकीची सभा असो, नाही तर रविवारची आमची उपासना असो. आणि कार्यक्रम कुणाचाही असला तरी आधी माइकशी यांच्या गप्पा. "हॅलो, हॅलो. आज लई उकडतंय. हॅलो. सरपंच आजून आले न्हाईत. हॅलो." त्यावरून अख्खं केज त्यांना हॅलोमामा म्हणायचं. मी पण मामाच म्हणायला लागले. महाराज मोक्ष सांगायचे, मौलवीसाहेब जन्नत सांगायचे, आमचे हे तारण सांगायचे, आणि मामा तिघांच्याही वेळी आपल्या मशीनजवळ मांडी घालून सगळं ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, तिघं बी म्हणत्यात आमचीच वाट खरी. आन तिघांचा बी आवाज माझ्याच मशीनीतून जातो. मला किती तरास व्हत आसन सांगा."

जन्मानं मामा आमच्यातलेच. आईच्या मांडीवर असतानाच त्यांचा बाप्तिस्मा झालेला, गायनं तोंडपाठ, नाताळला तारा टांगणारे तेच. बाहेरचा माणूस असता तर आमच्या ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. पण घरातलाच माणूस रोज उठून प्रश्न विचारतो म्हटल्यावर करायचं काय?

आमचे हे तेव्हा नुकते पाळकपणाचं शिक्षण संपवून आलेले. शंका नावाची गोष्ट यांच्या गावीच नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा असं सांगायचे की जणू ते अनादिकाळापासून कमी होतं. मला चिडायला तेवढंही पुरायचं. त्यामुळं मामांनी ह्यांच्या हातात टोक दिलं की मी खिडकीत जाऊन उभी राहायची. खोटं कशाला बोलू, मजा वाटायची.

नांदूरघाटला एकदा आम्ही सुवार्ता सभा लावली होती. बाहेरून मोठे वक्ते बोलावलेले. त्यांचा घसा असा की माइक नसता तरी चाललं असतं. मी बायकांत बसलेली. वक्ते तारणावर बोलायला लागले, तर आवाज मधूनच गुल. "प्रभूने तुमच्यासाठी प्राण दिला!" हे पार वेशीपर्यंत ऐकू जातंय. "पण जो विश्वास ठेवणार नाही तो" आणि पुढं नुसते ओठ हलतायत, हात वर, डोळे मोठे, शब्द काही नाही. प्रेम म्हटलं की भोंगा सुरू. अग्नी म्हटलं की बंद. पुढं बसलेल्यांना सगळं ऐकू येत होतं, पण गाव सगळं लांब पारावर आणि ओट्यांवर बसलेलं. सभा संपल्यावर एक फेटेवाले पाटील ह्यांना येऊन म्हणाले, "लई ग्वाड बोलले पाव्हणे. आमचे महाराज लई भेव घालत्यात. तुमच्यात नरक न्हाई वाटतं?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तसेच तरातरा मशीनपाशी गेले.

"मामा, आवाज का जात होता?"

"वायर ढिली हाय, साहेब."

"बरोबर नरकालाच कशी ढिली होते?"

मामांनी शांतपणे वायर हातात घेऊन बघितली. "तिला बी पटत नसन," म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये दोघांची जुंपली. मामा पुढं ड्रायव्हरशेजारी, मान मागं वळवलेली. "साहेब, तुमी म्हणता तारण फुकट हाय. कृपा हाय. मानलं. मला नांदूरघाटच्या पाटलानं जेवायला बोलावलं. फुकट. मी न्हाई गेलो. मला भूक न्हाई, न्हाईतर माझ्या घरी भाकर झालती. तर पाटील माझ्या घरी येऊन मला मारतो का? आन मारलं तर त्याला जेवणाचं बोलावणं म्हणायचं का?"

हे म्हणाले, "देव मारत नाही मामा. माणूस स्वतः दूर राहतो."

"मंग राहू द्या की दूर. आग कशाला लावता?"

जीपचा ड्रायव्हर मुसलमान, मामांचा जुना दोस्त. तो फिस्सकन हसला. मामा त्याच्यावरच घसरले, "तू हसू नको बे. तुमच्यात बी तेच हाय."

आता मामींचं सांगते, कारण मामांच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ त्याच होत्या. हे मला कळायला दोन वर्षं लागली. मामी धारूरच्या, हिंदू घरातल्या. मामा तरुणपणी एका लग्नाला भोंगा घेऊन गेलते, वऱ्हाडात ह्या करवली. मंगलाष्टकं चालू असताना मामांनी तिच्याकडं बघत बसून माइक बंदच ठेवला, असं मामी सांगायच्या. मामा म्हणायचे, लाईट गेल्ती. दोघांच्या घरच्यांनी लई दिवस बोलणं टाकलं, मग आपोआप बोलायला लागले. मामींनी बाप्तिस्मा घेतला नाही. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात काळी पोत, आणि नवरात्रात अंबाजोगाईला देवीच्या दर्शनाला पायी. पण रविवारी मामांबरोबर देवळात यायच्या. आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. आत यायच्या नाहीत. बाहेर पायरीवर बसून शेपू नाही तर मेथी निवडत बसायच्या. भोंगा डोक्यावरच असल्यामुळं उपदेश सगळा ऐकू यायचा. आतले निम्मे लोक पेंगत असायचे, ह्या बाहेर बसून ऐकायच्या. ह्यांना कधी म्हणायच्या, "साहेब, आज लई ताणलं तुमी."

मी त्यांना विचारलं होतं एकदा, की मामी, मनात कधी आलं नाही का?

"आलं की," म्हणाल्या. "पण बाई, ख्रिश्चनाशी लगीन करू नको असं माझी देवी मला कधी म्हणली न्हाई. तिनं मला आडवलं न्हाई तर मी तिला कसं सोडू? बरं दिसतं का ते?"

मी मेथी निवडू लागले.

मामांना मात्र ते आतून खात होतं. तरुणपणी वाटलं नसेल. माणूस पन्नाशी-साठीला आला की आपण मेल्यावर कुठं, हा हिशेब सुरू होतो. त्यांना स्वतःची काळजी नव्हती, हे लिहून ठेवते. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की मेल्यावर मामी बरोबर असतील का. दर प्रश्न फिरून तिथंच यायचा. एकदा बँकेपुढून ह्यांच्याबरोबर चालले होते. बाहेर पाटी, सोनेतारण कर्ज. मामा तिथंच थांबले. "साहेब, हितं बी तारणच लिव्हलंय. बायामाणसांचं मंगळसूत्र ठेवून घेत्यात. तुमच्या तारणात बी तेच ठेवून घेत्यात की वो. मंग फरक काय?" आमच्या मंडळीत बाप्तिस्मा घेताना काळी पोत काढावी लागते, कुंकू पुसावं लागतं, ते त्यांच्या डोक्यात. हे घरी आले ते तणतणतच. म्हणाले, "ह्या माणसाला शब्दांचा पोरखेळ करायची सवय लागलीय." मी म्हटलं, पोरखेळ असेल तर उत्तर द्या की सोपं. दोन दिवस आमच्यात धुसफूस होती.

मग मामी आजारी पडल्या. किडन्या गेल्या. अंबाजोगाईच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला न्यायचं, मामा सगळी बुकिंगं सोडून संगं. सगळ्यात वाईट म्हणजे पाणी बंद. अगदी बंद नाही, पण घोटघोट, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. उन्हाळा तर बीडचा. मामी ओठांवरून ओला फडका फिरवायच्या आणि वेलदोडा चघळत बसायच्या. मी भेटायला गेले की माझ्या हातातल्या पाण्याच्या ग्लासाकडं बघायच्या, म्हणून मी त्यांच्याकडं पाणी प्यायचं सोडून दिलं.

अशातच एका सकाळी मामा आमच्या दारात. हातात पाण्यानं भरलेली कळशी.

"साहेब हायत का?"

हे बाहेर आले. मामांनी कळशी उंबऱ्यावर ठेवली. "बोअरचं हाय. चालत नसन तर नळाचं आणतो. माझा बाप्तिस्मा काढून द्या."

मला आधी हसू आलं. मग त्यांचं तोंड बघितलं आणि हसू गेलं. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मामा, आत या, बसा," हे म्हणाले. "बाप्तिस्मा निघत नसतो."

"कावून निघत न्हाई? पाण्यानं लागला, पाण्यानं निघन. गोंदलेलं बी निघतं आता मशीननं. तुमी फकस्त उलटं म्हणा."

"तो शिक्का आहे मामा. एकदाच लागतो."

"मंग तिला बी मारा. ती हाय तशी. कुंकवासगट."

"विश्वास नाही तर कसा देऊ?"

आणि इथं मामांचा आवाज चढला. आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करणारा माणूस, स्वतः कधी ओरडलेला मी ऐकला नव्हता. "माझा हाय की विश्वास! माझ्या विश्वासावर द्या! माझं पाप येशूनं उचललं म्हणता. केलं मी, भोगलं त्यानं. एकाचं दुसऱ्याला चालतं, ह्याच्यावर तर तुमचं समदं देऊळ उभं हाय! मंग माझा विश्वास तिला कावून चालत न्हाई? आन मी काय मांडीवर आसताना विश्वास ठेवलता का? आईच्याच विश्वासावर घातलं न्हवं पाणी? आईचं लेकराला चालतं, नवऱ्याचं बायकोला चालत न्हाई? हे कुठलं गणित हाय साहेब?"

हे उभे होते. मी ह्यांच्याकडं बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. ज्या माणसाकडं मिठापासून मोक्षापर्यंत सगळ्याचं उत्तर तयार असायचं त्या माणसाचे ओठ नुसते हलले. शेवटी म्हणाले, "मी प्रार्थना करतो मामा."

"करा," मामा म्हणाले. "म्या बी करतो. मला वर नेऊ नको म्हणून करतो. ती जितं जाईल तितं मला टाक म्हणून." कळशी तिथंच सोडून निघून गेले. ते पाणी कुठं ओतावं हे मला दिवसभर सुचेना. शेवटी तुळशीला, म्हणजे आमच्या अंगणातल्या, कफासाठी लावलेल्या तुळशीला घातलं.

त्यानंतर डॉक्टरांनीच सांगितलं, आता घरी न्या. चार-पाच दिवसांत मामींचा निरोप आला, साहेबांना घेऊन या. आम्ही गेलो. मामी खाटेवर, सुकून एवढ्याशा झालेल्या, कुंकू तेवढं मोठं. मामा पायाशी.

"साहेब," मामी म्हणाल्या, "ह्यांना झोप लागंना. घरात येरझाऱ्या घालत्यात नुसत्या. मला बघवंना. घाला बाबा पाणी एकदाचं. पण कुंकू ऱ्हाऊ द्या."

ह्यांनी वाटी मागितली. मी वाटीत पाणी घेऊन आले. ह्यांनी पुस्तक उघडलं, प्रार्थना केली, आणि मग ते विचारावं लागतं ते विचारलं, की आजपासून प्रभूशिवाय दुसऱ्या कुणाला भजणार नाहीस ना?

मामी विचारात पडल्या. खरंच विचारात पडल्या, बाजारात भाव ऐकून पडतात तशा. मग मामांकडं बघितलं. "व्हय म्हणू का वो? पण ते खोटं व्हईन. जाता-जाता देवाशी खोटं बोलू?"

हे वाटी धरून तसेच. मला वाटत होतं, घाला, शिंपडा, कोण बघतंय, मी आहे साक्षीला, काय आभाळ कोसळणार आहे! रागानं माझे डोळे भरून आले. राग कुणाचा, ते मला आजही सांगता येत नाही.

मामा उठले. ह्यांच्या हातातली वाटी घेतली, हिसकावून नाही, अगदी हळू. "ऱ्हाऊ द्या साहेब. खोटं बोलून घेतलेलं आमाला बी नको. तिला तहान लागलीया कवाची." आणि मामींच्या मानेखाली हात घालून ते पाणी त्यांना पाजलं. सगळं. मामींनी डोळे मिटून प्यायलं, हनुवटीवरून ओघळ आला, तो मामांनी शर्टाच्या बाहीनं पुसला. "गार हाय," मामी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. धारूरहून भाऊ आले, त्यांच्या रीतीनं सगळं केलं. हे स्मशानात गेले पण लांब उभे राहिले.

आमच्या घरातली झोप मात्र त्या वाटीनं गेली. हे जेवता-जेवता हात थांबवून म्हणायचे, "एकाचं दुसऱ्याला चालतं, तर विश्वास का नाही चालत?" मी म्हणायची, मला काय विचारता, मी शिकलेय का तुमच्या कॉलेजात? त्यांनी आपल्या जुन्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले म्हणे, एवढा विचार करू नका, चांगली मंडळी मिळालीय ती सांभाळा. फोन ठेवून हे अंगणात फेऱ्या मारत राहिले. उपदेश आखूड झाले. मंडळीला बरंच वाटलं.

मामा उपासनेला यायचे, भोंगा लावायचे, पण आत बसणं सोडलं. मशीन बाहेर आणून पायरीवर बसायचे. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे मंडळीला भाकर-द्राक्षारस वाटतात त्या दिवशी, हे स्वतः भाकर आणि पेला घेऊन दारापर्यंत गेले. मामांनी हात जोडले. "पंगतीत सगळ्यांना वाढल्याबिगर घास घेऊ न्हाई, अशी आमच्या आईनं सवय लावलीया. माझ्या पंगतीचं एक माणूस बाहेर हाय." हे परत आले. देवळाचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींत कुजबुज झाली, की ह्याला फार डोक्यावर चढवलंय. पण कुणी मामांना बोललं नाही.

आता हे सगळं मी सांगतेय तेव्हा मामा नाहीत. गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईहून एसटीनं येत होते. नवरात्र होऊन गेलं होतं, तरी मामींच्या देवीला जाऊन आले होते. हे त्यांनी सुरू केलं होतं, दर महिन्याला, देवळात आत न जाता बाहेरून. केज आलं, गाडी रिकामी झाली, आणि खिडकीला डोकं टेकवलेला हा माणूस उठेना. कंडक्टरला वाटलं, झोपलेत.

बाप्तिस्मा झालेला माणूस, म्हणून दफन आमच्याच कबरस्तानात. गाव लोटलं होतं. सप्ताहवाले, उरूसवाले, जीपवाला दोस्त, धारूरचे मेव्हणे, सगळे. हे पांढरा झगा घालून पुस्तकातून वाचत होते. यांची एक गोष्ट आहे, पुस्तकातला कानामात्रा इकडचा तिकडे करत नाहीत. माती द्यायच्या आधी शेवटची प्रार्थना येते. तिथं मेलेल्याचं नाव घेऊन त्याला देवाच्या हाती सोपवायचं असतं. ह्यांनी मामांचं नाव घेतलं. मग थांबले. आणि मग स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मामींचंही नाव घेतलं. "ह्या दोघांना," म्हणाले, "तुझ्या हाती सोपवतो." वडीलमंडळींतले एकजण खाकरले. धारूरच्या मेव्हण्यानं खाली बघून पागोटं काढलं. हे पुढं वाचत राहिले.

घरी येताना मी गाडीवर मागं बसले होते. कबरस्तान मागं पडलं. मग राहवेना.

"पुस्तकात नाही ना असं?"

"नाही."

"मग चालतं?"

"नाही चालत," हे म्हणाले. "जाब द्यावा लागेल."

"कुणाला? बिशपसाहेबांना?"

"दोन्हीकडं. इथं आणि वर."

पुढं खड्डा होता, त्यांनी गाडी हळू केली. मी विचारलं, "काय सांगाल मग?"

"खरं तेच सांगेन," हे म्हणाले. "की मला त्यांचं एकट्याचं नाव घेता आलं नाही."